आत्याचे काटकोन

संध्याकाळी आत्या घरात शिरते, त्याआधी तिचा वास शिरतो. आणि वासाच्याही आधी आईचा आवाज बाहेर पडतो.

"वन्सं, बूट बाहेर! डगला बाहेर! आणि जमलं तर तुम्हीही दहा मिनिटं बाहेर!"

"वहिनी, दहा मिनिटांत काय जाणार आहे? एकोणीस वर्षं मुरलंय हे."

"मुरू दे. माझ्या पडद्यांत नको मुरायला."

मग आत्या पायरीवर बसून बूट काढते, आई आतून साबण फेकते, आत्या तो एका हाताने झेलते. आजवर एकदाही खाली पडलेला नाही.

आत्या गावाबाहेरच्या बायोगॅस प्रकल्पात फिटर आहे. पाइप जोडणं, कापणं, गळती बंद करणं, पंप रुसला तर त्याची समजूत काढणं, हे तिचं काम. बाजारातला सडका भाजीपाला, खानावळींतलं उष्टं, गोठ्यांतलं शेण, हे सगळं रोज तिथे जातं. एका भल्यामोठ्या बंद टाकीत ते कुजत बसतं. टाकीच्या डोक्यावर रबराचा हिरवा घुमट फुगलेला असतो. त्या टाकीला तिथले सगळे 'पोट' म्हणतात. "पोटाला आज काय दिलं?" "पोट जरा नरम आहे." बाहेरच्या माणसाने फोनवर ऐकलं तर त्याला वाटेल की घरात कोणी आजारी आहे.

पोटातून गॅस निघतो, आणि त्या गॅसचं सगळ्यांना कौतुक. शाळांच्या सहली येतात, निळी ज्योत बघतात, टाळ्या वाजवतात. पण एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारला नव्हता. दहा बादल्या आत गेल्या आणि वर वारा निघून गेला, तर बादल्यांचं काय झालं?

"काय होणार? जवळजवळ दहाच्या दहा बाहेर येतात," आत्या सांगते. "वारा तो वारा, त्याचं वजन ते किती! उरतं ते काळं."

काळं म्हणजे पोटातून उरलेला पातळ राडा. कागदोपत्री त्याला स्लरी म्हणतात, पण आत्याच्या तोंडी काळंच. थोडं आसपासच्या शेतांवर जातं, तेही पेरणीच्या दिवसांत. बाकीच्या दिवसांत जातं मागच्या सिमेंटच्या तळ्यात. आणि तळं काही रबराचं नसतं.

गोष्टीला सुरुवात झाली ती या तळ्यामुळे.

एक दिवस तपासणी साहेब आले. हे साहेब बोलत नाहीत, कागद वाचतात, फक्त हातात कागद नसतो. "सदर तळ्यातील सदर द्रव सदर ओढ्याच्या दिशेने सदर भिंत ओलांडण्याची शक्यता नाकारता येत नाही." चहा पुढे केला तर म्हणाले, "सदर चहात साखर आहे काय?" तेव्हापासून त्यांचं नाव सदरसाहेब. त्यांनी लाल रंगाचा डबा मागवला, गुडघ्यावर बसले आणि तळ्याच्या आतल्या भिंतीवर, जिथवर हात पोचला तिथे, एक रेघ ओढली. काळं त्या रेघेच्या एक वीत वर होतं, म्हणून ब्रश काळ्यात बुडवूनच ओढावी लागली. ती दिसत नव्हती, पण आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"चाळीस दिवस," साहेब म्हणाले. "द्रव रेषेखाली न गेल्यास सदर प्रकल्पास कुलूप."

मॅनेजर साहेबांचं धाबं दणाणलं. ते तसे सज्जन. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते सगळ्याची बेरीज करतात. "पोट ठीक, गॅस ठीक, माणसं ठीक, एकूणात ठीक!" त्या दिवशी बेरीज जमेना. एकतीस माणसांची घरं त्या प्रकल्पावर चालतात, आणि त्यातलं एक आमचं.

तसं बघितलं तर औषध आधीच येऊन पडलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मॅनेजर साहेबांनी एक यंत्र आणलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी गाळणारा आरओ असतो ना, त्याचा हत्तीएवढा थोरला भाऊ. काळं आधी पिळायचं, चोथा वेगळा करायचा, मग बारीक जाळीतून गाळायचं आणि शेवटी जोर लावून पडद्यांतून दाबायचं. पडद्याच्या अलीकडे सगळं खत, पलीकडे निव्वळ पाणी. खत रोपवाटिकांना, पाणी परत आपल्याला, आणि तळं रिकामं. कागदावर इतकं सोपं, की वाचूनच झोप लागावी.

या यंत्राचे सगळे पाइप आत्याने जोडले होते. आणि इथे आत्याच्या काटकोनांविषयी सांगायला हवं.

पाइप वाकडा दिसला की आत्याला दात दुखल्यासारखं होतं. आमच्या घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी ती पाणसळ लावून टांगते. मोरीतला नळाचा पाइप तिने एकदा पूर्ण उखडून पुन्हा बसवला, का, तर तो 'मान वाकडी करून बघतो'. यंत्राकडे जाणारी तिची पाइपांची रांग म्हणजे तर वहीत पट्टी ठेवून आखल्यासारखी. सरळ, काटकोन, सरळ, काटकोन. पाहुणे आले की मॅनेजर साहेब यंत्राआधी पाइपच दाखवायचे. आणि आत्या बाजूला उभी राहून अगदी सहज असल्यासारखं म्हणायची, "काळ्याला मी शिस्त लावलीय."

यंत्र सुरू झालं त्या दिवशी पलीकडच्या नळीतून पहिला थेंब पडला, तो स्वच्छ. सगळे आ वासून बघत राहिले. नऊ दिवस पाणी आलं. मग धार बारीक झाली, काटा लालमध्ये गेला, यंत्र बंद पडलं. उघडून बघितलं तर पडद्यांवर पांढुरकी खर, साखर सांडल्यासारखी, पण बोट फिरवलं तर रक्त काढेल अशी.

"आत कचरा जातोय," मॅनेजर म्हणाले. "एकूणात, गाळणी कमी पडतेय."

आत्यालाही ते पटलं. तिने एक जादा गाळणी बसवली, ती ढकलायला मोठा पंप बसवला, आणि जागेअभावी आठ नवे एल्बो टाकले. एल्बो म्हणजे पाइपाला काटकोनात वळवणारा तुकडा. सगळे नव्वद अंशांचे, सगळे देखणे. पडद्यांचा दुसरा संच सहा दिवस चालला. मग आणखी एक गाळणी, आणखी दणकट पंप, आणखी आठ एल्बो. तिसरा संच गेला अडीच दिवसांत.

नऊ, सहा, अडीच. आकडे डोळ्यांसमोर उभे राहून हाका मारत होते, आणि एकतीस माणसांतल्या एकालाही ऐकू येत नव्हत्या.

चौथा संच मॅनेजर साहेबांच्या खोलीत खोक्यात पडून होता. शेवटचा. त्याच्यानंतर संच मिळणार नव्हता, असं वरून स्पष्ट सांगितलेलं. साहेब रोज त्या खोक्यावर छत्री ठेवायचे आणि लगेच दचकून उचलायचे.

सदरसाहेब येऊन गेल्यावर आत्याचं जेवणात लक्ष लागेना. एका रविवारी सकाळी ती मागच्या अंगणात खडू घेऊन ओणवी बसली आणि फरशीवर अख्ख्या प्रकल्पाचे पाइप काढायला लागली. मग जिथे जिथे एकोणीस वर्षांत तिने पाइपातून दगड फोडून काढले होते, तिथे फुली. काळ्याच्या पाइपात दगड धरतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. दर दोन-तीन महिन्यांनी पाइप उतरवायचा, छिन्नीने दगड फोडायचा, फेकायचा, पाइप परत चढवायचा. दाढी करण्यासारखं काम, कोणी त्याचा विचार करत नाही.

आई कपडे वाळत घालत होती. फुल्यांवरून उड्या मारत मारत ती दोरीपर्यंत गेली, परत आली आणि थांबली.

"वन्सं, तुमच्या फुल्या फक्त कोपऱ्यांतच का हो?"

"कोपऱ्यात घाण अडते, वहिनी. घरात नाही का अडत?"

"घरात अडते, कारण तुम्ही झाडत नाही. पण मग या लांबड्या पाइपात एकही फुली नाही ती का?"

"तो तळ्याकडे जातो. दोनशे फूट, सरळसोट. त्यात काळं गोगलगायीसारखं सरकतं."

"आणि तळ्यात? तिथे तर सगळंच अडून बसलंय म्हणता. तिथे दगड झाला?"

"तळ्यात कुठला दगड!"

"मग अडल्याने होत नसेल," आई म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकून दोरीवर टाकला.

आत्याचा खडूचा हात तसाच हवेत राहिला. मग ती हळूच म्हणाली, "पंपाच्या तोंडाशी फुली. काटकोनात फुली. जिथे घुसळतं तिथे फुली. वहिनी, जिथे काळं निवांत असतं तिथे काही होत नाही. जिथे त्याला धक्के बसतात तिथे दगड होतो."

"मग नका देऊ धक्के," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने पडद्यांविनाच पंप चालू केला, स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. जुने मेकॅनिक इंजिन असंच ऐकतात. सरळ पाइपात शांतता. एल्बोवर टेकवलं तर आत सुस्स... सोड्याची बाटली उघडल्यासारखं. पुढच्या एल्बोवर सुस्स. त्याच्या पुढच्यावर सुस्स. चोवीसच्या चोवीस काटकोन तिच्या कानात कुजबुजत होते.

मग तिने दोन बादल्या घेतल्या. दोन्हींत गाळलेलं काळं. एक झाकून कोपऱ्यात ठेवली. दुसरीत ड्रिलला पातं लावून जेवणाच्या सुट्टीपर्यंत घुसळत राहिली. शेजारून जाणारा प्रत्येक जण विचारून जायचा, "काय ताई, लोणी निघतंय का?" आत्या मान वर न करता म्हणायची, "निघालं तर तुला पहिला गोळा."

दुपारी तिने दोन्ही बादल्यांच्या तळाशी हात घातला. निवांत बादलीत बुळबुळीत गाळ. घुसळलेल्या बादलीत वाळू.

वाळू! एक चिमूट. बोटांत करकरली.

ती चिमूट तळहातावर घेऊन आत्या प्रयोगशाळेत धावली. तिथे एक तरुण केमिस्ट आहे. हिला घड्याळात किती वाजले विचारलं तर "साधारण तीन पूर्णांक दोन" म्हणेल अशी. आत्याने तिचं नाव दशांश ठेवलंय, आणि तिला ते आवडतं. दशांशने चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, डोळा लावला आणि पहिल्यांदाच एकही आकडा न उच्चारता म्हणाली, "अगं बाई गं!"

"काय आहे?"

"मावशी, तुम्हीच बघा."

आत्याने बघितलं. काळ्यातून निघालेली ती वाळू काचेसारखी लखलखत होती. प्रत्येक कण म्हणजे उतरत्या छपराचं इवलंसं घर. धारदार कडा, सरळ भिंती, कुठे वाकडं म्हणून नाही. आत्या नंतर घरी म्हणाली, "वहिनी, त्या घाणीत कोणीतरी माझ्याहून नीट काम करणारं बसलंय."

दशांशने सांगितलं ते असं. काळ्यात एक वायू विरघळलेला असतो, सोड्यात असतो तोच. काळं घुसळलं की तो पळून जातो. तो गेला की काळ्याचा आंबटपणा उतरतो, आणि आंबटपणा उतरला की त्यात सुटे सुटे फिरणारे तिघे एकमेकांचा हात धरतात. मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि अमोनिया. हात धरला की झाला स्फटिक. पाइपात धरला तर पाइप बंद, पडद्यावर धरला तर पडदा बंद.

"आणि हे तिघे म्हणजे कोण, मावशी? झाडाच्या मुळांना जे लागतं ते. हे खत आहे. शून्य पूर्णांक शून्य टक्के वास! खाणीतून दगड काढून, जहाजात घालून लोक जे आणतात, ते आपल्या पाइपात फुकट पिकतंय. तुम्ही एकोणीस वर्षं पाइपातून जे दगड काढलेत, ते कुठे आहेत?"

आत्याने खालचा ओठ चावला. "शेडच्या मागे फेकले."

दोघी शेडच्या मागे गेल्या. सगळीकडे घोट्याएवढं वाळकं गवत. दगडांच्या ढिगावर मात्र हिरवंगार आणि कमरेएवढं. इतकं दाट, की आत पाय घातला तर दिसेना. ते सगळ्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. प्रत्येकाला वाटायचं, जवळचा नळ गळत असेल. आत्याने तर त्या नळाचा वॉशर चार वेळा बदलला होता.

हसावं की रडावं कळेना, म्हणून दशांश हसली. आत्या हसली नाही. ती यंत्राकडच्या पाइपांकडे बघत होती. चोवीस काटकोन, त्यांतले सोळा गाळणी वाढवताना घातलेले. पडदे वाचावेत म्हणून तिनेच जोडलेले. आणि त्या प्रत्येकाने पडद्याच्या दारात नेऊन दगड पिकवला होता. नऊ, सहा, अडीच.

ही गोष्ट तिला कोणी विचारणार नव्हतं. गाळणी कमी पडली, असं सगळे मानतच होते. गप्प बसली असती तर तिच्या शिस्तीला कोणी नाव ठेवलं नसतं. ती सरळ मॅनेजर साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, पडदे मी मारले."

साहेबांना वाटलं, चौथा संच फुटला. त्यांनी खोक्याकडे झेप घेतली.

"हा नाही. आधीचे तीन. माझ्या एल्बोंनी मारले." आणि तिने बादली, वाळू, सुस्स, घरं, गवत, सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. "म्हणजे... एकूणात..."

"एकूणात, मला माझे पाइप कापायचेत," आत्या म्हणाली. "आणि पडद्यांच्या बरंच आधी एक टाकी ठेवायची. तिच्यात खालून हवा सोडायची, काळ्याला तिथेच हवं तेवढं घुसळायचं. काय दगड व्हायचा तो तिथे होऊ दे, तळाला बसू दे. पडद्यांपर्यंत दगड करायला काही शिल्लकच राहणार नाही. मग खोकं उघडा."

"आणि नाही जमलं तर, ताई?"

"तर तळं भरेल आणि आपण सगळे घरी. पण खोक्यात ठेवूनही तळं भरणारच आहे, साहेब."

साहेबांनी खोक्यावरची छत्री उचलली. या वेळी न दचकता. "कापा," म्हणाले.

त्या संध्याकाळी आत्या घरी आली ती बूट घालूनच आत आली आणि भिंतीला टेकून बसली. "वहिनी, आज सोळा काटकोन कापले," एवढंच म्हणाली. आईने चहा आणून हातात दिला. बुटांविषयी चकार शब्द काढला नाही.

काटकोनांच्या जागी आत्याने पाइप तापवून वळवले. लांब, सैल, हत्तीच्या सोंडेसारखे बाक. बघताना तिचा गाल आतून दाढेखाली धरलेला असायचा. जुनी गोल टाकी आणली, तळाशी भोकांची नळी घातली, हवा सोडली. काळं उकळल्यासारखं खळखळू लागलं. आणि त्यातून अमोनियाचा असा भपका उठला, की दहा हातांवरच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी. पहारेकरी गेटवरून ओरडला, "कोण गेलं हो?"

मग टाकीवर झाकण, झाकणातून नळी, आणि तो भपका आम्लाच्या पाण्यातून बुडबुडे काढत न्यायचा. ही कल्पना दशांशची. चार दिवसांनी ते पाणीही खत झालं. दशांशने मॅग्नेशियमचं मीठ मोजून मोजून टाकलं, म्हणजे उरलासुरला फॉस्फरसही दगडात यावा. टाकीच्या तळाचा नळ उघडला की ओल्या पोत्यावर खळ्ळकन वाळू पडायची. दर दहा बादल्या काळ्यामागे ओंजळभर. माणसं पाळीपाळीने येऊन हात घालून बघायची. कालपर्यंत ज्यावर छिन्नी चालवत होते, ते आज रुमालात बांधून घरी दाखवायला नेत होते.

चाळिसातल्या अठराव्या दिवशी खोकं उघडलं. पडदे चढले. आत्याने व्हॉल्व्ह उघडला, अगदी सावकाश. काळं सोंडांतून निवांत सरकत आलं. पलीकडच्या नळीतून धार पडली, स्वच्छ. कोणी टाळी वाजवायच्या आत आत्याने भांडं नाकाशी नेलं.

"थांबा. याला वास आहे."

"मावशी, काचेसारखं आहे की!"

"डोळ्याला काच आहे. नाकाला गोठा आहे. अगदी थोडा."

दशांशने मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. नाक बरोबर होतं. थोडा अमोनिया वारा होऊन पडद्यातून पाण्याबरोबर निसटत होता. पडद्याआधी आम्लाचे चार थेंब पडत राहतील अशी बाटली टांगली. आम्ल लागलं की अमोनिया वारा म्हणून हिंडत नाही, पाण्यात बांधला जातो, आणि बांधलेला पडदा ओलांडू शकत नाही. पुन्हा धार. आत्याने भांडं नाकाशी नेलं. एकदा हुंगलं. परत हुंगलं. डोळे मिटून तिसऱ्यांदा हुंगलं.

"कसला वास आहे?" साहेबांनी दाराआडून विचारलं. पुढे यायचा त्यांना धीर नव्हता.

"कसलाच नाही," आत्या म्हणाली. "साहेब, कसलाच नाही!"

ज्या बाईच्या नाकाने एकोणीस वर्षं त्या कुंपणाच्या आत एकदाही रिकामा श्वास घेतला नव्हता, तिने घेतला.

अडीच दिवस गेले. सहा गेले. नवव्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. काटा जागचा हलला नाही. दहावा, अकरावा. दहा बादल्या काळ्यातून पाच बादल्या पाणी, साडेतीन बादल्या चहासारखं गडद खत, बाकीचा चोथा आणि ती ओंजळभर वाळू. खत आणि चोथा रोपवाटिकांच्या गाड्या नेऊ लागल्या. तळं रोज दीड बोट उतरू लागलं. आत्या घरी येऊन दोन बोटं वर करायची, एक अर्धं वाकवलेलं. आई विचारायची, "आज?" आणि ती बोटं दाखवायची.

चाळिसाव्या दिवशी आई आणि मी दोघी गेलो. आई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सदरसाहेब आले. लाल रेघ भिंतीवर लख्ख दिसत होती आणि काळं तिच्या दीड वीत खाली होतं. पण साहेबांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांचं लक्ष पडद्यांपलीकडच्या पाण्याच्या नळावर गेलं.

"सदर पाणी टँकरचे आहे," ते म्हणाले. "सदर तळे टँकरने उपसून ओढ्यात सोडले असल्याची शक्यता—"

"साहेब," आत्या म्हणाली, "या नळाला हात लावा. आता पाइपावरून हात न उचलता मागे मागे चला. मी येते बरोबर."

साहेबांनी हात लावला. पहिल्यांदा पडद्यांची नळकांडी. आत्याने अलीकडचा छोटा नळ उघडला, पेल्यात धरला. चहाच्या रंगाचं. साहेब पुढे, म्हणजे मागे. घुसळणारी टाकी. आत्याने नळ उघडला, पेल्यात तपकिरी आणि तळाशी वाळू. सोंडेसारख्या बाकांवरून साहेबांचा हात घसरत गेला. जाळी. नळ. पेल्यात काळं. पिळणारं यंत्र, शेजारी वाफाळता चोथा. आणि शेवटी त्यांचा हात पाइपाबरोबर जिथे खाली गेला, तिथे ते तळ्याच्या काठावर उभे होते. पायाशी काळं, जड, बुडबुडे सोडणारं.

त्यांनी वळून लांबवरच्या त्या नळाकडे बघितलं. मग तळ्याकडे. मग परत नळाकडे.

"अहो..." ते म्हणाले. त्यांच्या तोंडून सदर निघेना. "अहो बाई, म्हणजे ते... हे आहे?"

"हेच आहे."

"हे?"

"हो."

आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. "मेलं हे सगळं पाणीच होतं की गं," ती पुटपुटली. "नुसतं आत अडकलेलं."

साहेब खाली बसले. स्वतःच्या वितीने रेघेपासून खाली मोजलं, बाही काळ्यात बुडाली तरी मोजलं. मग उठून त्यांनी कागद काढला आणि लिहिलं. मॅनेजर साहेब त्यांच्या खांद्यावरून वाचत होते आणि ओठ हलवत होते. प्रकल्प चालू ठेवण्यास हरकत नाही.

"एकूणात?" मॅनेजर म्हणाले.

"एकूणात काय, चालू ठेवा," साहेब म्हणाले आणि पुन्हा नळाकडे बघत बसले.

आत्या मात्र तिथे नव्हती. पोटाला खाऊ घालायची वेळ झाली होती. कोरडा पाला पोटाला चालत नाही, पाण्यात कालवून द्यावा लागतो, आणि त्यासाठी रोज सकाळी पाण्याचा टँकर येतो. तो आलाच होता, गेटवर हॉर्न देत होता. आत्याने तिच्या नव्या पाइपाचा व्हॉल्व्ह पाला कालवायच्या खड्ड्यावर उघडला. कालपर्यंत त्याच पोटातून बाहेर पडलेलं पाणी आज सालपटांवर, देठांवर, कुजक्या पानांवर पडायला लागलं. उन्हात ते इतकं चमकत होतं, की तिकडे बघवेना.

"ताई, टँकर आत घेऊ?" पहारेकरी ओरडला.

"नको म्हणावं," आत्या धारेवरून नजर न हलवता म्हणाली. थोड्या वेळाने तिने मान वर केली. "आणि ऐक, उद्याही नको."